पुलावर सायकल सापडली

रविवार, २६ नोव्हेंबर १९७२

संध्याकाळी पुलावर गेलो. माय, म्हणजे ह्यांच्या आई, कधी नव्हे त्या बरोबर आल्या. एरवी म्हणतात, "पूल काय देखाना? मना सुखा रोज त्यावरथून कामले जास, तेच पुष्कळ शे." आज ह्यांनी आईला सायकलच्या कॅरिअरवरच बसवलं, पाय एका बाजूला करून. वस्तीतल्या बायका हसल्या. माय पण हसल्या.

पुलावर रविवारची गर्दी. तिथे मोटारी येत नाहीत, नुसते चालणारे आणि सायकलवाले, म्हणून सगळ्या सुरतेतली माणसं मुलंबाळं घेऊन येतात. सूर्य खाली गेला तशी सगळी पश्चिमेच्या कठड्याला. पात्रात वांग्यांच्या वाड्या, पलीकडे केळी, बगळे ओळीने बसलेले. काठावर पोंक, ज्वारीचा हुरडा, भाजत होते, त्याचा वास पुलावर येत होता. भरतीची वेळ. हे म्हणाले, "बघ, तापी उलटी चाललीय." बेबीला उचलून दाखवलं. तिला काय कळणार, पण टाळ्या वाजवल्या.

पोंक घेतला. ह्यांनी खाल्ला नाही. मिलमध्ये ह्यांच्या खात्यातला बाबूलाल मशीनच्या पट्ट्यात सापडून गेला, तेव्हापासून असंच. मूठभर घेतात आणि मूठ तशीच धरून ठेवतात.


बुध. २९ नोव्हें.

ह्यांना परत साहेबांनी बोलावलं होतं. फिटरचा, म्हणजे ह्यांचा, दोष नाही, पट्टाच जुना होता, असं स्पष्ट सांगितलं म्हणे. मी म्हटलं, चला, सुटलो एकदाचे.

"पट्टा जुना होता हे मला दिसत होतं ना," हे म्हणाले.

मी भाकरी थापत राहिले.


बुध. ६ डिसें.

पांढरी साडी. सगळे विहारात. हे आले, मांडी घालून बसले, पण वंदना म्हणताना ओठ हलत नव्हते. मी बायकांच्या रांगेतून पाहत होते. येताना बेबीला खांद्यावर घेतलं, तिने केस ओढले तर हसले. जरा बरं वाटलं मला. थंडी वाढेल तसं हळूहळू माणूस पूर्वीसारखा होईल, असं का वाटलं कोण जाणे. थंडीचा काय संबंध.


मंगळ. १२ डिसें.

अजून आले नाहीत. दिवे लागून गेले.

अशोकभाऊजी मिलमध्ये मोठ्या भावाची चौकशी करून आले. सुट्टी झाल्यावर नेहमीसारखे निघाले, डबा धुतला, सायकल काढली. दारावरच्या पहारेकऱ्याशी बोलले. काय बोलले? "आज थंडी छे." एवढंच.

माय दारातच बसून आहेत. उठत नाहीत.


बुध. १३ डिसें.

सायकल सापडली. पुलावर, मधोमध, पश्चिमेच्या कठड्याला टेकवलेली. मागच्या चाकाला कुलूप. डब्याची पिशवी हँडलला. किल्ली नाही.

रात्रभर तिथेच होती म्हणे. शेकडो माणसं गेली शेजारून.

पोंक विकणाऱ्या बाईने भाऊजींना सांगितलं, "ए भाई तो रोज ऊभा रहे छे." रोज! मला कधी बोलले नाहीत. मला वाटायचं मिलमधून उशिरा सुटतात.

भाऊजींनी मागचं चाक हाताने उचलून सायकल घरापर्यंत आणली. वस्तीतली पोरं मागे. माझ्या डोक्यात एकच. जीव द्यायला निघालेला माणूस सायकलला कुलूप लावेल? पो. स्टे.ला हेच विचारलं. जमादार म्हणाला, "टेव, बेन." सवय. हात आपोआप लावतो.

मग किल्ली खिशात टाकून...


शुक्र. १५ डिसें.

नावाडी दोन दिवस शोधतायत. जमादार म्हणतो, ओहोटी असेल तर दर्याकडे गेला, भरती असेल तर वर गेला, आणि कधी कधी भरती-ओहोटी माणसाला आठवडाभर इथल्या इथे फिरवते. चहा पितापिता सांगत होता. वाईट माणूस नाही. रोजचं काम आहे त्याचं.

माय जेवत नाहीत. मी बेबीबरोबर दोन घास खाते आणि लाज वाटते.


सोम. १८ डिसें.

वस्तीत दोन पक्ष झालेत. अर्धे म्हणतात पाण्यात गेला. अर्धे म्हणतात निघून गेला, मुंबईला, नाहीतर कुठे. नळावर मी गेले की दोन्ही पक्ष गप्प.

शेजारच्या काकू जवळ येऊन म्हणाल्या, "सुमन, आशा धर. पुरुष माणूस रागाने जातो, परत येतो." कसला राग? भांडण नव्हतं. सकाळी निघताना म्हणाले, संध्याकाळी मेथी कर. मेथी निवडून ठेवली होती मी.


शनि. २३ डिसें.

पो. स्टे.वरून शिपाई आला. खाली समुद्राच्या बाजूला, मासेमारीच्या जाळ्यापाशी एक देह मिळालाय. हॉस्पिटलात आहे. ओळखायला या.

माय, भाऊजी आणि मी गेलो. बेबीला काकूंकडे ठेवलं.

हॉ.च्या मागे पत्र्याची खोली. वास लांबूनच. भाऊजी दारातच ओकले आणि भिंत धरून खाली बसले. जमादार नाकाला रुमाल लावून म्हणाला, "जोई लो, बेन. जल्दी." शिपायाने चादर ओढली.

मी म्हटलं, "नाही. हे नाहीत."

माय म्हणाल्या, "मना सुखा शे."

"माय, नाही."

"मी माय शे त्यानी. मी वळखस. पाय देख त्याना."

जमादार एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे. मग शिपायाला म्हणाला, "मा कहे छे ने. बस." झालं. चादर परत टाकली.

परतताना रिक्षात माझ्या पदराला तो वास.

इथे तरी खरं लिहिते. मी किती पाहिलं? पांढरट, फुगलेलं काहीतरी. माणसासारखं नव्हतंच. एक क्षण, मग भिंतीकडे. दारातून आत पाऊल टाकतानाच "नाही" तोंडात तयार होतं.


रवि. २४ डिसें.

हॉ.तून देह शिवून, गुंडाळूनच दिला. तोंड उघडायचं नाही म्हणाले. सकाळीच नदीकाठी नेला. भाऊजींनी अग्नी दिला. पन्नासएक माणसं होती, मिलमधलेही आले. आम्ही बायका घरी.

माय रडल्या नाहीत. दुपारी पाटावर बसल्या आणि भाकरी मागितली. पोटभर जेवल्या, भांड्यातलं पाणी प्यायल्या आणि झोपल्या. बारा दिवसांनी त्यांना अशी झोप लागलेली पाहिली. घोरत होत्या.

मला त्यांचा इतका राग आला की त्या खोलीत थांबवेना.


शुक्र. २९ डिसें.

घरी पुण्यानुमोदन. गुरुजी आले, त्रिसरण पंचशील, भाषण. "सुखदेव चांगला कामगार, चांगला मुलगा." फोटोला हार. फोटो आमच्या लग्नातलाच, मला कापून काढलंय त्यातून. माझा खांदा तेवढा राहिलाय कडेला.

राख भाऊजींनी सकाळी पुलावरूनच सोडली.

माणसं गेल्यावर बायका माझ्याभोवती बसल्या. आपल्यात आता हे सगळं सक्तीचं नाही, पण रीत आहे, लोक काय म्हणतील. एकीने माझा हात हातात घेतला, दुसरीकडे बत्ता तयार. मी हात ओढून घेतला. म्हटलं, "ज्याला मी ओळखलं नाही, त्याच्या नावाने बांगड्या फोडू?"

कुजबुज. भाऊजींच्या सासूबाई म्हणाल्या, "आईने ओळखलं ना? तू आईपेक्षा मोठी का?"

तेव्हा माय कोपऱ्यातून म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या तिन्या."

एवढंच. बत्ता बाजूला ठेवला गेला. मला वाटलं होतं त्याच सगळ्यात आधी माझं कुंकू पुसतील.


सोम. ८ जानेवारी १९७३

रजा संपवून शाळेत माझ्या वर्गावर परत रुजू झाले. मुलींनी वर्ग झाडून ठेवला होता. मुख्य बाईंनी ऑफिसात बोलावलं, दार लावलं. चांगल्या आहेत तशा. म्हणाल्या, "सुमनबाई, मला काही नाही. पण पालक विचारतात. तुमच्या घरी दिवस झाले, पेढीपासून नाक्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. आणि तुम्ही कुंकू लावून येता. मी त्यांना काय सांगू?"

मी म्हटलं, "सांगा, बाईंना माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

"नवरा आहे की नाही ते."

त्यांनी उठून दार उघडलं. मग म्हणाल्या, जा, तास सुरू झालाय. तिसरीला नद्या शिकवायच्या होत्या. तापी कुठे उगम पावते, कुठे मिळते. मी धडा सोडून पुढचा घेतला.


रवि. १४ जाने.

उत्तरायण. सगळं सुरत गच्चीवर. आकाश पतंगांनी भरलेलं, भोंगे, आरडाओरडा. बेबीला काकूंच्या मुलांबरोबर पाठवलं. तीळगूळ कुणी दिला, घेतला.

दुपारी पाहते तर माय घरात नाहीत. नळावर नाही, विहारात नाही. भाऊजींकडे नाही. मग एकदम लक्षात आलं आणि धावतच निघाले.

पुलावर होत्या. मधोमध. कठड्याला पोरं लागलेली, कापलेले पतंग धरायला. त्या गर्दीत माय येणाऱ्याजाणाऱ्या सायकली अडवत होत्या. हँडल धरून.

"ओ भाऊ, मना सुखाले देखं का? फिटर शे. उच्चा शे, मिशी शे."

सायकलवाले गुजराती. काही उतरायचे, ऐकून घ्यायचे, नाही म्हणून जायचे. एक जण ओरडला. एकाला वाटलं भीक मागतेय, त्याने पाच पैसे दिले, ते मायांनी कठड्यावर ठेवून दिले आणि पुढच्याला विचारलं.

मी बाजूला उभी राहिले. किती वेळ ते माहीत नाही. त्या रोजच येत असाव्यात, मी शाळेत आणि बेबी काकूंकडे असते तेव्हा. पोंकवाली त्यांना नावाने हाक मारत होती.

मग जवळ गेले. दंड धरला. म्हटलं, "चला घरी."

मला पाहून दचकल्या. चोरी पकडल्यासारखं तोंड.


सोम. १५ जाने.

काल वाटेत झालेलं बोलणं लिहायचं राहिलं.

मी विचारलं, "माय, तुम्हीच ओळखलं ना त्या दिवशी? मग पुलावर कोणाला शोधता?"

त्या रस्त्याच्या कडेला बसल्याच.

"मी डोयाच उघडात नहीत," म्हणाल्या.

"काय?"

"डोया मिटी लिधात. माले नही देखानं व्हतं."

"मग हो का म्हणालात? पाय बघ म्हणालात!"

"मना आंडोर पाणीमा शे, मासा त्याले खाई राहिनात, हाई रोज डोयासमोर येये. जेवाले बठनू की येये. म्हनीसन म्हटलं, जो व्हई तो व्हवो. जळू दे. एकदाव संपू दे."

"संपलं का?"

"आठ दिन झोप लागनी. मंग परत सुरू व्हयनं."

मी पण त्यांच्या शेजारी बसले, मातीत. म्हटलं, मी पण पाहिलं नाही. माझंही "नाही" खोटंच होतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. माझ्या डोक्यावरचा पदर वारा आल्यामुळे घसरला होता, तो सारखा केला.

तो कोण होता मग, असं दोघींपैकी कुणीच बोललं नाही.


शनि. १० फेब्रु.

भाऊजींना मिलमध्ये ह्यांच्या खात्यातच घेतलंय, हेल्पर म्हणून. पायी लांब पडतं. बिचकत विचारलं, "वहिनी, सायकल नेऊ?" कुलूपवाल्याला आणून कुलूप काढलं. मिनिटभराचं काम. चेनला तेल घातलं, हवा भरली. त्यात काही वाईट नाही. पण ते पुलाच्या दिशेने निघाले तेव्हा पाठमोरे अगदी... बेबी ओरडली, "पप्पा!"

माय आत गेल्या.


गुरु. ८ मार्च

मी आता रोज शाळेतून पुलावर जाते, मायांना घेऊन येते. आधी ओढून आणायची. आता तिथेच जरा बसते. ऊन उतरलेलं असतं. पाणी कमी झालंय, वाळूचे पट्टे वर आलेत, धोबी पार मधोमध जाऊन कपडे वाळत घालतात. वरून पाहिलं तर छान दिसतं. लोक म्हणतात ना, सुरतेत येऊन पुलावरचा सूर्यास्त पाहावा.

कधी कधी मनात येतं, हे इथे उभे राहून काय पाहत होते. पाणी की पलीकडचा रस्ता.

मेले असतील तर एक. जिवंत असतील तर आम्हाला टाकून गेलेत, आईला, बेबीला. दोन्हींतलं काय मागू? मागायचं तरी कुणापाशी.


शुक्र. ६ एप्रिल

आज जे झालं ते...

शाळेतून आले तर दारात एक बाई बसलेली. उन्हाने करपलेली, माझ्याच वयाची असेल किंवा लहानही. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पायात काही नाही. माय तिला पाणी देत होत्या.

साक्रीकडची. ऊसतोडीच्या टोळीबरोबर इथून जवळच्या चलथाणच्या साखर कारखान्यावर आलेली, दिवाळीनंतर. नवरा डिसेंबरात बाजाराच्या दिवशी सुरतेला म्हणून गेला तो आलाच नाही. मुकादम म्हणाला दारू पिऊन पडला असेल, येईल. तोड सोडून जाता येईना. आता कारखाना बंद व्हायला आला, टोळी परत चाललीय. पो. स्टे.ला गेली तेव्हा जमादाराने सांगितलं, त्या सुमाराला एकच देह मिळाला होता, तो अमक्या वस्तीतल्यांनी नेला. पंचनाम्यात खूण काही नाही, कातडीच राहिली नव्हती तर काय लिहिणार. त्यांनाच जाऊन विचार.

म्हणून आली. चालत.

"तुम्हीन देखं ना त्याले?" तिने विचारलं. "जवळथून?"

मी मायांकडे पाहिलं.

"देखं," माय म्हणाल्या.

"हातवर मोर गोंदेल व्हता का? डावा हातवर. कोपरना खाले."

मला वाटलं आता माय सांगतील. खरं सांगतील, की बाई, आम्ही दोघी तिथे उभ्या होतो आणि दोघींनी पाहिलं नाही. मी तोंड उघडणार होते. मायांनी माझ्या हातावर हात ठेवला. दाबला.

"व्हता," म्हणाल्या. "मोर व्हता."

"डावा हातवर?"

"डावाच."

बाई लगेच रडली नाही. मान हलवत राहिली, हिशोब जुळल्यासारखी. मग म्हणाली, "मंग तुम्हीन त्याले कसाले लयं?" तुम्ही का नेलंत?

"बेवारस जाई म्हनीसन," माय म्हणाल्या. "कोणी तरी जाळाले पाहिजे ना."

तिने वाकून मायांचे पाय धरले. मला पाहवेना. मी आत जाऊन चूल पेटवली, तिच्यासाठी भाकरी टाकली. खाल्ली नाही. फडक्यात बांधून घेतली.

राख कुठे सोडली, विचारलं तिने. मग तिघी पुलावर गेलो.

संध्याकाळची गर्दी. नवीन लग्न झालेली जोडपी, कुल्फीवाला, सायकलच्या घंट्या. ती कठड्यापाशी उभी राहिली, खाली पाहिलं. म्हणाली, "पाणी चांगलं शे." आमच्याकडे तर हांडाभर नाही, दुष्काळ, असंही काही बोलली. मग एकदम दोन्ही हात कठड्यावर आपटले. लोखंडावर काच. हिरव्या बांगड्या. मनगट कापलं. जवळची माणसं बाजूला सरली, एका बाईने मुलीचे डोळे झाकले. सूर्य टेकलेला. कुणीतरी म्हणालं, "गांडी छे." वेडी आहे.

तिने कुंकू स्वतःच पुसलं, पदराने.

मी शेजारी उभी. माझ्या हातात बांगड्या, कपाळावर कुंकू. तिने पाहिलं असेल. काही बोलली नाही.

स्टेशनपर्यंत सोडायला भाऊजींना पाठवलं. टोळी चलथाणवरून उद्या निघणार.


शनि. ७ एप्रिल

सकाळी मायांना विचारलं, "का असं केलंत?"

तांदूळ निवडत होत्या. "तिले घर जाऊ दे. दोन पोरं शेत तिनी, सासूपान. किती दिन पूल देखी?"

"आणि तो तिचा नसेल तर? तो उद्या घरी गेला तर?"

हात थांबले. मग परत खडे काढायला लागल्या. "मंग तिनं नशीब चांगलं शे. तो येई तर ती काय माले शिव्या दी? देऊ दे."

मी म्हटलं, "आणि आपला?"

त्यांनी निवडलेले खडे मुठीत घेतले आणि दाराबाहेर टाकून आल्या.


रवि. ८ एप्रिल

भाऊजी आज दुपारी आले, चपला न काढताच आत. त्या बाईने वाटेत त्यांना सगळं सांगितलं होतं, मोराचं. दोन दिवस धुमसत असावेत. आईवर असं ओरडताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"मी अग्नी दिला त्याला! मोठा भाऊ म्हणून दिला! आणि तू तो दुसरीला देऊन टाकलास? तो तिचा, तर मग माझा भाऊ कुठंय?"

मायांनी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.

"वहिनी, तुम्ही बोला. होता का मोर?"

मी म्हटलं, "आम्ही पाहिलं नाही, भाऊजी. कुणीच नाही. तुम्ही बाहेर बसला होता. आत आम्ही दोघी होतो, पण पाहिलं नाही."

ते खाली बसले. दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तेवीस वर्षांचा माणूस, खांदे हलत होते. बेबी त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिली, मग माझ्यापाशी आली.

बऱ्याच वेळाने शांत झाले. म्हणाले, पो. स्टे.ला जाऊन सांगायला हवं. चूक झाली, तो आमचा नव्हता, किंवा होता की नाही हे आम्हाला माहीत नाही. म्हणजे ते पुन्हा शोध घेतील. इतर ठाण्यांना कळवतील, फोटो पाठवतील.

माय म्हणाल्या, "सुमन म्हणी तसं."

आता माझ्यावर आलं. सगळे माझ्याकडे पाहतायत. चार महिने मीच "नाही" म्हणत होते ना, सगळ्यांसमोर, शाळेत, नळावर. तेव्हा ते म्हणणं सोपं होतं, कारण कुणी ऐकत नव्हतं.

सांगितलं तर पुन्हा शिपाई दारात येणार, कधी तरी. पुन्हा ती खोली, आणि या वेळी डोळे उघडे ठेवावे लागतील. किंवा शिपाई येणार नाही, नुसता एक निरोप येईल, की अमुक गावी आहे, बरा आहे, यायचं नाही म्हणतो.

न सांगितलं तर फोटोला हार आहेच.

मंगळवारी दुपारी शाळा लवकर सुटते. भाऊजींना म्हटलंय, तेव्हा पो. स्टे.ला जाऊ. ते हो म्हणाले. माय आज पुलावर गेल्या नाहीत, पहिल्यांदाच. घरातच होत्या, बेबीचे केस विंचरत.


मंगळ. १० एप्रिल

शाळा सुटली. भाऊजी फाटकाशी सायकल धरून उभे. मला म्हणाले, बसा मागे, लवकर पोचू. बसले.

पो. स्टे.समोर उतरलो. जमादार ओट्यावरच होता, आम्हाला पाहून उठून उभा राहिला. म्हणाला, "आवो बेन, शुं थयुं?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "साहेब, त्या दिवशी आम्ही पाहिलंच नव्हतं."